जर्मन वाईनची पहिली पेटी: सहा बाटल्यांचे परीक्षण

जर्मनीतील जवळजवळ प्रत्येक वाईनविक्रेता नव्या गिऱ्हाइकासाठी ‘प्रोबीअरपाकेट’ नावाची एक पेटी बांधून ठेवतो. वेगवेगळ्या प्रदेशांतल्या, वेगवेगळ्या द्राक्षांच्या सहा बाटल्या त्यात थोड्या सवलतीने मिळतात. एकाच वाणाच्या सहा बाटल्या घेऊन पस्तावण्यापेक्षा आधी सगळ्यांची चव पाहावी आणि मग काय आवडते ते ठरवावे, असा त्यामागचा साधा हिशेब असतो. माइन्झमध्ये राहायला आल्यावर काही महिन्यांनी मी अशीच एक पेटी घेतली. चार पांढऱ्या आणि दोन लाल बाटल्यांचे मिळून ६९ युरो पडले, म्हणजे बाटलीमागे साडेअकरा युरो. दुकानाचे नाव देण्याचे कारण नाही, कारण अशा पेट्या सगळीकडे साधारण सारख्याच असतात आणि पुढे काही तक्रारीही येणार आहेत. निकाल आधीच सांगून टाकतो. चार बाटल्यांनी पैसे वसूल केले, एक बरी निघाली, एक वाया गेली. आणि सोबतच्या माहितीपत्रकाने मदत करण्याऐवजी गोंधळच वाढवला.

गोंधळाचे मूळ जर्मन लेबलात आहे, म्हणून बाटल्यांकडे वळण्यापूर्वी त्याचा उलगडा करणे भाग आहे. १९७१ च्या जर्मन वाईन कायद्याने दर्जाची जी उतरंड ठरवली, तिच्यात द्राक्षे तोडताना त्यांच्या रसात किती साखर होती याला सर्वाधिक महत्त्व दिले. ही साखर ‘एक्सले’ या अंशांत मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके एक्सले. फोर्झहाइमच्या फर्डिनांड एक्सले यांच्या नावावरून हे माप पडले. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या टक्केवारीच्या, भाषेत बोलतात. मोझेल नदीकाठच्या रीसलिंगला (रीसलिंग हे पांढऱ्या वाईनचे द्राक्ष) ‘काबिनेट’ म्हणवून घेण्यासाठी किमान ७० एक्सले लागतात, ते साधारण १७ ब्रिक्स होतात. त्यावर श्पेटलेझ, आउसलेझ, बेरेनआउसलेझ आणि शेवटी ट्रॉकनबेरेनआउसलेझ अशा पायऱ्या आहेत. या शेवटच्या पायरीसाठी दीडशे एक्सलेच्या आसपास, म्हणजे जवळजवळ मनुकांसारख्या वाळलेल्या मण्यांची गोडी लागते. वेलीवरच गोठलेली द्राक्षे उणे ७ अंश किंवा त्याहून कमी तापमानात तोडून केलेल्या आइसवाइनची पायरी वेगळी. या सर्व पायऱ्यांवरच्या वाईनमध्ये आंबण्यापूर्वी वरून साखर घालण्यास मनाई आहे.

आमच्या पेटीतील माहितीपत्रकात मात्र ‘काबिनेट कमी गोड, श्पेटलेझ जास्त गोड’ असे सरळ छापले होते, आणि ते चुकीचे आहे. रसात असलेली साखर आणि बाटलीत उरलेली साखर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळेवाल्याने सगळी साखर आंबू दिली तर श्पेटलेझही कोरडी ठणठणीत होऊ शकते, आणि आंबवणे मध्येच थांबवले तर काबिनेटही गोड राहते. बाटलीतल्या गोडीसाठी लेबलावर निराळा शब्द शोधावा लागतो. ‘ट्रॉकन’ म्हणजे कोरडी, लिटरला फार तर ९ ग्रॅम साखर, तीही आम्लता तिला तोलून धरण्याइतकी असेल तर. ‘हाल्बट्रॉकन’ म्हणजे साधारण १८ ग्रॅमपर्यंत. ‘फाइनहेर्ब’ या शब्दाला कायद्याची व्याख्याच नाही. मळेवाल्याच्या मर्जीप्रमाणे तो अर्धकोरडीपासून किंचित गोडपर्यंत कुठेही लागू शकतो. आणि ज्या ‘ट्रॉकन’ शब्दाने कोरडी वाईन ओळखावी, तोच शब्द सर्वांत गोड वाईनच्या, म्हणजे ट्रॉकनबेरेनआउसलेझच्या, नावाच्या सुरुवातीला बसलेला आहे, कारण तिथे तो वाळलेल्या मण्यांविषयी बोलतो. नवख्या माणसाने डोके धरून बसावे अशीच ही व्यवस्था आहे. त्यावर एक सोपा उपाय आहे: अल्कोहोलचा आकडा पाहावा. रीसलिंगच्या बाटलीवर ८ किंवा ९ टक्के लिहिले असेल तर बरीच साखर आंबायची राहिली आहे असे समजावे. १२ किंवा त्याहून अधिक असेल तर वाईन बहुधा कोरडी असते.

या कसोटीने पहिली बाटली ओळखता आली. ती मोझेल नदीकाठची रीसलिंग काबिनेट होती, अल्कोहोल साडेआठ टक्के. पेटीतली सर्वांत चांगली बाटली हीच, आणि पेटी घेण्याचे खरे कारणही हीच ठरावी. रंग जवळजवळ पाण्यासारखा, त्यात जेमतेम हिरवट झाक. नाकाला आधी हिरव्या सफरचंदाचा आणि लिंबाच्या सालीचा गंध लागतो, आणि मागून एक ओळखीचा वास येतो, ज्याला नाव द्यायला मला दोन घोट लागले. तो होता लहानपणी ओल्या फडक्याने पुसलेल्या पाटीचा वास. हा निव्वळ आठवणींचा खेळ असेल, पण योगायोग असा की मोझेलचे उतार खरोखरच पाटीच्या दगडाचे आहेत. त्याच काळ्या-निळ्या दगडाच्या चकत्या तिथल्या घरांच्या छपरांवर बसवतात, आणि तोच दगड वेलींच्या बुंध्याशी तुकड्यातुकड्यांनी पसरलेला असतो. दिवसा तो ऊन शोषून घेतो आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतो. पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास, जिथे द्राक्ष पिकणे हीच एके काळी दरवर्षीची चिंता होती, तिथे अशा उबेला फार किंमत असते.

नाशिकच्या माणसाला हे समजायला थोडा वेळ लागतो, कारण विसाव्या अक्षांशावर वेल कधी झोपतच नाही. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, पावसाळा सरता सरता फळछाटणी करतो आणि हिवाळ्याच्या शेवटाकडे माल काढतो. मोझेलची वेल मात्र हिवाळाभर काटकीसारखी उभी असते, वर्षातून एकदाच छाटली जाते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीला येते. पिकण्याचा हा काळ लांब आणि थंड असल्यामुळे साखर हळूहळू चढते आणि आम्ल टिकून राहते. काबिनेटची सारी गंमत या एका वाक्यात आहे. तिच्यात साखर भरपूर असते, एरवी ती सरबतासारखी लागली असती. पण आंबटपणाही तेवढाच तीक्ष्ण असल्यामुळे जिभेला गोडी जाणवते ती आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जाणवते तशी, आली आली म्हणेपर्यंत सरून जाणारी. घोट गिळल्यावर तोंडाला पुन्हा पाणी सुटते, आणि साडेआठ टक्क्यांमुळे डोके जड होत नाही.

ही बाटली आम्ही कोळंबीच्या तिखट कालवणाबरोबर उघडली. तिखट जेवणाबरोबर तेरा-चौदा टक्क्यांची वाईन घेतली की अल्कोहोल मिरचीची आग वाढवतो. कमी अल्कोहोल आणि थोडी साखर असलेली वाईन ती आग विझवते. मराठी जेवणाबरोबर कोणती वाईन घ्यावी हा प्रश्न परदेशातल्या आपल्या मंडळींत नेहमी निघतो. माझे उत्तर आता ठरले आहे: मोझेल किंवा नाहे नदीकाठची रीसलिंग काबिनेट, चांगली थंड करून, आठ-दहा अंशांवर. कुणी तिला ‘बायकांची गोड वाईन’ म्हणून नाक मुरडले तर मुरडू द्यावे. बाटलीत तेवढीच जास्त उरते.

रीसलिंग हे या देशाचे मुख्य द्राक्ष आहे. जर्मनीतील एक लाखाहून थोड्या अधिक हेक्टर द्राक्षमळ्यांपैकी जवळजवळ पाव हिस्सा त्याचा आहे. आज ओपेल मोटारींसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऱ्युसेल्सहाइम गावच्या १४३५ सालच्या हिशेबात त्याच्या वेलींच्या खरेदीची नोंद आहे, आणि १७८७ साली ट्रीअरच्या राजधर्माधिकाऱ्याने हलक्या प्रतीच्या वेली उपटून चांगल्या वेली लावण्याचा हुकूम काढला, तेव्हापासून मोझेलचे उतार त्याच्याकडे वळले. त्यातले काही उतार इतके उभे आहेत की ब्रेम गावाजवळच्या काल्मोंटवर चढ ६५ अंशांपर्यंत जातो. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. माणसाला दोरीने किंवा छोट्या एकरुळी गाडीने वर चढावे लागते. हे कष्ट पाहिले की बारा-तेरा युरोंची बाटली महाग वाटत नाही. उलट, इतक्या स्वस्तात ती परवडते कशी, असा प्रश्न पडतो.

दुसरी बाटलीही रीसलिंगचीच होती, पण कोरडी, साडेबारा टक्क्यांची, आणि आमच्याच ऱ्हाइनहेसेन प्रदेशातल्या नीअरस्टाइन गावची. या गावाशेजारी ऱ्हाइन नदीवर ‘रोटर हांग’ नावाचा लाल मातीचा उतार आहे. तिथला खडक सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. द्राक्ष तेच, पण वाईन अगदी निराळी: अंगाने भरदार, पिकल्या जर्दाळूच्या वासाची, शेवटी थोडी खारट. कोरडी रीसलिंग पहिल्यांदा पिणाऱ्याला तिचा आंबटपणा झोंबतो, हे आधी सांगायला हवे. तळलेल्या सुरमईबरोबर मात्र तो लिंबू पिळल्यासारखा कामी येतो. बाटली अर्धी उरली ती दुसऱ्या दिवशी अधिक चांगली लागली. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा मंद वास येतो आणि जाणकार तो गुण मानतात, हेही नवख्याने ऐकून ठेवावे, म्हणजे एखादी दहा वर्षांची बाटली उघडल्यावर ती बिघडली असे समजून ओतून दिली जाणार नाही.

नीअरस्टाइनचे नाव निघाले म्हणून एक सावधगिरी. १९७१ च्या कायद्याने एकेका मळ्याच्या नावाबरोबरच अनेक गावे मिळून होणाऱ्या मोठ्या टापूंनाही मळ्यासारखीच नावे दिली. ‘पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फखेन’ हा पीसपोर्ट गावचा खरा नावाजलेला मळा. ‘पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग’ म्हणजे आसपासच्या अनेक गावांतला माल एकत्र करून वापरता येणारे नाव. लेबलावर दोन्ही सारखीच दिसतात. ‘नीअरस्टाइनर गुटेस डोमटाल’ या नावाच्या बाबतीतही तसेच. त्या टापूत नीअरस्टाइनचा वाटा नगण्य आहे. या नावांखाली वर्षानुवर्षे स्वस्त, गोडसर वाईन परदेशी गेली, आणि त्याच सुमारास लीबफ्राउमिल्ख या तशाच स्वस्त, गोडसर वाईनच्या बाटल्याही जगभर पोहोचल्या. जर्मन वाईन म्हणजे साखरपाणी ही समजूत त्यातूनच रुजली. २०२१ साली कायद्यात दुरुस्ती झाली असली तरी जुनी नावे डोळ्यांसमोर येतच राहतील. बाटलीच्या मानेवर द्राक्षांचा घड धरलेल्या गरुडाचे चिन्ह दिसले तर ती १९१० साली स्थापन झालेल्या व्हीडीपी या उत्पादकसंघाच्या सदस्याची असते. त्या संघाचे नियम कायद्याहून कडक आहेत, आणि किंमतही त्याच मानाने चढी असते.

तिसरी बाटली पाहून घरातल्या सर्वांनी आधी तिच्या आकाराचीच चर्चा केली. फ्रांकेन प्रदेशातली सिल्वानर वाईन ‘बॉक्सबॉयटल’ नावाच्या चपट्या, पोटाळ्या बाटलीत मिळते. ती टेबलावरून गडगडत जात नाही, आणि फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात कधीच मावत नाही. सिल्वानर हे मितभाषी द्राक्ष आहे. रीसलिंगसारखा वासाचा डामडौल त्याला नाही. कच्च्या नाशपातीसारखी सौम्य चव, ओल्या मातीचा हलका गंध आणि कमी आंबटपणा एवढेच त्याचे भांडवल. जर्मनीत त्याची पहिली नोंद १६५९ सालची आहे, फ्रांकेनमधल्याच कास्टेल गावची. वसंतात पांढरा श्पार्गेल, म्हणजे शतावरीचे कोवळे कोंब, बाजारात आला की त्यासोबत लोक आवर्जून हीच वाईन घेतात. २४ जूनला श्पार्गेलचा हंगाम संपेपर्यंत हा रतीब चालतो. आम्ही ती बाजरीच्या थालीपिठाबरोबर घेतली आणि लोण्याच्या गोळ्याशी तिचे चांगले जमले. ज्यांना आंबट वाईन सोसत नाही त्यांनी रीसलिंगच्या आधी इथून सुरुवात करावी. वुर्झबुर्गला जाणे झाले तर १३१६ सालचे ब्युर्गरश्पिटाल पाहावे. ही धर्मादाय संस्था स्वतःच्या मळ्यांच्या उत्पन्नातून सात शतके वृद्धांची सेवा करत आली आहे.

चौथी, बाडेनमधल्या कायझरश्टूल टेकड्यांवरची ग्राउबुर्गुंडर (पिनो ग्री), हिच्याबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. विझलेल्या ज्वालामुखीच्या मातीतली, तेरा टक्क्यांची, मऊ, कुणालाही न दुखावणारी. पाहुण्यांची आवड माहीत नसेल तेव्हा उघडायला बरी. पेटीतली ‘बरी’ म्हटलेली बाटली ती हीच.

लाल वाईनकडे वळताना मला शंका होती, कारण जर्मनीत लाल वाईन होते हेच पुष्कळांना माहीत नसते. प्रत्यक्षात मळ्यांचा साधारण एकतृतीयांश हिस्सा लाल वाणांचा आहे. पिनो नोआर हे फ्रान्समधल्या बुर्गुंडीचे प्रसिद्ध द्राक्ष जर्मनीत ‘श्पेटबुर्गुंडर’ नावाने ओळखले जाते, आणि त्याच्या लागवडीत फ्रान्स आणि अमेरिकेनंतर जर्मनीचाच क्रमांक लागतो. पेटीतली बाटली आर नदीच्या खोऱ्यातली होती. जर्मनीच्या मानानेही हे खोरे बरेच उत्तरेकडे, आणि तरी तिथले बहुतेक मळे लाल वाणांचे. अरुंद दरी, दक्षिणाभिमुख उतार आणि पुन्हा तोच ऊब धरून ठेवणारा पाटीचा दगड, यांची ही करणी.

ग्लासात ओतल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘ही तर पातळ दिसते’ अशीच असते, कारण कोकमाच्या सरबतासारखा तिचा रंग आरपार दिसतो. ज्यांची जीभ नाशिकच्या शिराझवर किंवा कॅबर्नेवर तयार झाली आहे, त्यांना पहिला घोट पाणचट वाटण्याचा संभव आहे. घाई करू नये. बाटली फ्रिजमधून काढून काही वेळ बाहेर ठेवावी, पंधरा-सोळा अंशांवर आणावी आणि मोठ्या ग्लासात ओतावी. मग आंबटगोड चेरीचा, ओल्या पालापाचोळ्याचा आणि किंचित धुराचा वास वर येतो; तुरटपणा जिभेला हलकासा शिवून जातो, घट्ट धरत नाही. मटणाच्या झणझणीत रश्श्यापुढे ही वाईन टिकत नाही. आम्ही तो प्रयोग केला आणि वाईन हरली. मशरूमची भाजी, भाजलेले बदक किंवा कमी तिखटाचा चिकन पुलाव यांच्याबरोबर ती खुलते.

आर खोऱ्याबद्दल एवढे लिहून थांबता येत नाही. १४ जुलै २०२१ च्या रात्री या छोट्या नदीला आलेल्या महापुरात खोऱ्यातली १३० हून अधिक माणसे गेली आणि नदीकाठच्या तळघरांत पिंपे, यंत्रे, वर्षांचा माल चिखलात बुडाला. उतारांवरचे बरेच मळे मात्र वाचले होते आणि तोडणी दोन महिन्यांवर आली होती. तेव्हा इतर प्रदेशांतले मळेवाले आपापली यंत्रे घेऊन मदतीला आले. चिखलाने माखलेल्या बाटल्या न धुता, तशाच ‘फ्लूटवाइन’, म्हणजे पुराची वाईन, म्हणून देणगीदारांना पाठवण्यात आल्या आणि त्यातून ४० लाख युरोंहून अधिक निधी उभा राहिला. याच खोऱ्यात मायशॉस गावी १८६८ साली मळेवाल्यांनी सहकारी संस्था काढली. आजही चालू असलेली ती जगातली सर्वांत जुनी वाईन सहकारी संस्था मानली जाते. सहकाराच्या महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला हे वाचून जवळीक वाटते. आरची वाईन महाग असते, चांगली बाटली वीस युरोंच्या खाली क्वचित मिळते, आणि पेटीत ती घालून दुकानदाराने हात आखडता घेतला नाही हे मान्य करायला हवे.

ही उदारता त्याने बहुधा सहाव्या बाटलीत भरून काढली. ती डॉर्नफेल्डर होती, ‘लीबलिख’ म्हणजे गोडसर प्रकारातली. हे द्राक्ष १९५५ साली वाइन्सबेर्ग येथे आउगुस्ट हेरोल्ड यांनी संकरातून तयार केले. फिकट जर्मन लाल वाईनला गडद रंग देण्यासाठी ते उपयोगी पडले. रंग खरोखर जांभळासारखा आहे, वासही करवंदासारखा छान. पण त्यात उरलेल्या साखरेला तोलून धरणारी आम्लता नसल्यामुळे दुसऱ्या घोटापासून ती खोकल्याच्या औषधासारखी लागू लागली. काबिनेटची गोडी आणि हिची गोडी यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोरडी डॉर्नफेल्डर चांगली मिळते, हे मी नंतर पिऊन पाहिले आहे. म्हणून दोष द्राक्षाचा नाही, निवडीचा आहे. उरलेली बाटली शेवटी दालचिनी, लवंग आणि संत्र्याची साल घालून उकळली, आणि थंडीच्या संध्याकाळी ग्ल्यूवाइन म्हणून ती मात्र लगेच संपली.

तिच्या जागी वुर्टेम्बर्गची लेम्बर्गर असायला हवी होती. मिरीसारखी तिखट झाक असलेली, पुरेशी तुरट आणि अंगाने मजबूत अशी ही लाल वाईन आपल्या मसालेदार जेवणापुढे उभी राहते; मटणापुढे श्पेटबुर्गुंडर जिथे हरली तिथे ही टिकली. वुर्टेम्बर्गमधले श्टुटगार्ट हे १९६८ पासून मुंबईचे भगिनीशहर आहे, तिथे मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत, आणि त्या शहराच्या महापालिकेचा स्वतःचा द्राक्षमळा आहे. तरीही तिथली वाईन बाहेर फारशी दिसत नाही, कारण तिथले श्वाबियन लोक ती स्वतःच पिऊन संपवतात असे इथे गमतीने म्हणतात.

पेटीत फेसाळती झेक्ट नव्हती, त्याचे कारण किमतीत असावे. साध्या वाईनवर जर्मनीत उत्पादनशुल्क नाही. झेक्टवर मात्र पाऊण लिटरच्या बाटलीमागे १ युरो २ सेंट कर लागतो. तो १९०२ साली कैसरच्या आरमारासाठी पैसा उभा करायला बसवला होता. आरमार केव्हाच बुडाले, कर अजून तरंगतो आहे.

बांधणी उत्तम होती, एकही बाटली फुटली नाही, आणि पाचांना फिरकीचे झाकण असल्यामुळे बूच काढण्याची खटपट एकदाच करावी लागली. फिरकीचे झाकण म्हणजे हलका माल, हा समज जर्मनीत तरी सोडून द्यावा. वयाच्या दाखल्यासाठी पेटी देणाऱ्याने दारात ओळखपत्र मागितले, म्हणून ती मागवताना घरी कुणी मोठे माणूस असेल असा दिवस निवडावा. पेटी विकत घेण्याजोगी आहे का, तर हो, पण सहावी बाटली बदलून देता का असे आधी विचारावे. मी विचारले नाही, नंतर कळले की असा बदल बहुतेक दुकानदार करून देतात. भारतात हीच पेटी मागवण्याच्या फंदात पडू नये, कारण आयात शुल्क आणि राज्याचे कर मिळून किंमत कुठल्या कुठे जाते. इकडे येणाऱ्या कुणा नातेवाइकाला दोन बाटल्या आणायला सांगायच्या झाल्या, तर त्यातली एक मोझेलची काबिनेट आणि दुसरी वुर्टेम्बर्गची लेम्बर्गर सांगावी. माझ्या पुढच्या मागणीत याच दोन आहेत, प्रत्येकी तीन.